धुलाई सर

डिझेल इंजिनाच्या वर्कशॉपमध्ये रोज पांढरेशुभ्र कपडे घालून येणारा माणूस एक तर मालक असतो, नाहीतर वेडा. आमचे सर मालक नव्हते.

आमचं शहर तापीकाठचं, घरी मराठी पण सरकारी कामकाज हिंदीत चालणारं. तिथे लोधीपुऱ्याच्या पुढे आमची प्रशिक्षण संस्था आहे. तिथे डिझेल मेकॅनिकच्या मुलांना शिकवायला मी रुजू झाले, तेव्हा सर त्या शाखेचे प्रमुख होते. मी जवळच्या फोपनार गावची, केळीवाल्यांच्या घरची. डिझेल मेकॅनिक शिकवायला बाई आली म्हटल्यावर पहिल्या दिवशी सगळा स्टाफ काही ना काही निमित्त काढून मला बघून गेला. सर तेवढे आले नाहीत. त्यांनी मलाच बोलावून घेतलं, तेलाने थबथबलेला एक काळाकुट्ट गिअर माझ्या हातात ठेवला आणि विचारलं, "याच्यावर काय आहे?"

"मळ आहे, सर."

"कुठला?"

मळाला गाव असतं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. सरांनी वर्तमानपत्राच्या तुकड्यात तो गिअर धरला, नाकाजवळ नेला आणि पंगतीत बसलेल्या माणसाने वरणाचा वास घ्यावा तसे डोळे मिटले.

"तापीकाठची काळी माती. केळीचा पाला कुजलेला. मालक चिकट आहे, वेळेवर तेल बदलत नाही. बायकोशी पटत नाही त्याचं."

"बायकोचं पण वासावरून कळतं?"

"घरी पटत असतं, तर माणूस ट्रॅक्टर इतका हाकतो काय वं?"

मी भारावून गेले. आठवडाभराने कळलं, की तो ट्रॅक्टर तापीकाठचा नव्हताच, पार सातपुड्याच्या पायथ्याकडचा होता आणि त्याच्या मालकाचं लग्नच झालेलं नव्हतं. मी हे सरांना सांगितलं. मला वाटलं, ओशाळतील. सर म्हणाले, "लग्नच नाही, म्हणजे पटण्याचा प्रश्नच नाही. मग मी चुकलो कुठं?"

सरांचे असे निम्मे अंदाज चुकायचे. पण ते इतक्या ठामपणे सांगायचे, की समोरचा शेतकरीच विचारात पडायचा, आपण मागच्या महिन्यात ट्रॅक्टर घेऊन खरंच तिकडे गेलो होतो की काय.

त्यांचा सगळा जीव धुण्यात होता. इंजिन खोलायचं, जोडायचं, टायमिंग लावायचं, हे सगळं ते शिकवायचे. पण ते आपलं कर्तव्य म्हणून. धुण्याचा तास आला की त्यांच्या अंगात यायचं. "धुणं म्हणजे अर्धी दुरुस्ती," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दुसरं वाक्य, "घाईत धुतलेलं दोनदा खोलावं लागतं." मुलं त्यांना पाठीमागे 'धुलाई सर' म्हणायची. त्यावरून एकदा एका मुलाचे वडील घाबरून संस्थेत आले. ते मला बाजूला घेऊन विचारू लागले, "मॅडम, हे धुलाई सर फार मारतात का हो?" मी सरांना हे सांगितलं तर ते इतके खूश झाले, की पुढचे दोन दिवस हातात उगाचच एक छडी घेऊन फिरत होते.

इतरांच्या खिशाला पेन असतं. सरांच्या खिशाला दोन टूथब्रश असायचे. एक मऊ, एक राठ. इंजेक्टर, वॉल्व, बारीक भोकं, सगळं ते त्या ब्रशांनी घासायचे. याच ब्रशाने सर सकाळी दातही घासतात अशी मुलांमध्ये वदंता होती, आणि सर ती मोडून काढायच्या भानगडीत पडत नव्हते. उलट एकदा वरून तपासणीला एक अधिकारी आले होते. ते टेबलाशी चहा घेत बसलेले. सरांनी त्यांच्यासमोर इंजेक्टर घासला, ब्रश झटकला, खिशात ठेवला. मग थोडं इकडचं तिकडचं बोलणं झालं, आणि सरांनी अगदी सहज खिशातून ब्रश काढून दातांवरून फिरवला. अधिकाऱ्यांनी चहाचा कप खाली ठेवला तो ठेवलाच. त्या वर्षी तपासणी लवकर आटोपली. दुसरा ब्रश त्या सकाळी नवा कोरा ठेवला होता, हे फक्त मला माहीत होतं. कारण तो आणायला त्यांनी मलाच दुकानात पाठवलं होतं.

हजेरीच्या मशीनशी त्यांचं रोज सकाळी भांडण व्हायचं. संस्थेत अंगठा लावून हजेरी घ्यायला सुरुवात झाली तेव्हापासूनचं ते भांडण. सर अंगठा लावायचे, मशीन म्हणायचं, "कृपया पुनः प्रयास करें." सर दुसरा अंगठा लावायचे. मशीन तेच म्हणायचं. जन्मभर उघड्या हातांनी पेट्रोल आणि रॉकेलमध्ये पार्ट धुतल्यामुळे त्यांच्या बोटांवरच्या रेषाच झिजून गेल्या होत्या. कातडी पांढरी, भेगाळलेली. मशीनच्या लेखी सर रोज गैरहजर. ते मशीनपुढे उभे राहून म्हणायचे, "अगं बाई, मीच आहे. ओळख दे." मग कारकून उठून हाताने त्यांची हजेरी लावायचा.

हे सगळं गमतीत चाललं होतं, ते एका सकाळपर्यंत.

तेव्हा आमच्याकडे पार्ट धुवायचं म्हणजे पत्र्याचा एक मोठा ट्रे, त्यात ओतलेलं पेट्रोल आणि ब्रश. सगळीकडे तसंच धुतात. रॉकेल मिळेनासं झालं होतं आणि पेट्रोलने मळ पटकन निघतो. थंडीचे दिवस होते. मी ट्रेवर वाकून पंपाचे गिअर धूत होते. सर शेजारच्या स्टुलावर बसून, मावा जलेबी गरम खावी की गार, यावर मुलांना व्याख्यान देत होते. पत्र्याच्या आडभिंतीच्या पलीकडे वेल्डिंगची शाखा. तिथे नेहमीप्रमाणे काम सुरू झालं.

ठिणगी काही आमच्या बाजूला आली नाही. आडभिंतीच्या खालच्या फटीतून निळसर काहीतरी जमिनीवरून सरपटत आलं एवढंच मला दिसलं. मग भप्प असा आवाज झाला आणि माझी बाही पेटली.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. सरांनी दाराशी पाय पुसायला ठेवलेलं ओलं पोतं ट्रेवर फेकलं. माझा हात धरला आणि आपल्या पांढऱ्या शर्टाच्या पोटाशी घट्ट दाबून धरला. विझेपर्यंत सोडला नाही. मुलं ओरडत होती, मीही ओरडत होते.

"दाखव," सर म्हणाले. "बोटं हलव."

मी हलवली. मनगटावरचे केस जळले होते, कातडी लाल झाली होती. तेवढंच.

"हलतात ना? मग ओरडते कशाले? मला वाटलं, गेला हात."

असं म्हणून ते शेडच्या मागे गेले. परत आले तेव्हा चेहरा धुतलेला होता आणि डोळे लाल होते. त्यांच्या शर्टावर माझ्या हाताएवढा काळा डाग पडला होता. त्या जागी तो ट्रे त्यांनीच ठेवला होता, वर्षानुवर्षं. त्यांनी छिन्नी घेतली, ट्रे रिकामा करून बाहेर अंगणात नेला आणि त्याच्या तळाला भोकंच भोकं पाडली.

"आता भरा म्हणावं याच्यात पेट्रोल," ते म्हणाले.

ट्रे गेला, पण पार्ट धुवायचे तर होतेच. सरांनी स्वतःच मशीन बनवायचं ठरवलं. तेलाचं रिकामं पिंप मधून कापलं, त्यात पाणी, पाणी तापवायला हीटर, आणि पाण्यात कॉस्टिक सोडा. कास्ट आयर्नचे पार्ट त्यात टाकून काढले की नव्यासारखे निघायचे. सरांना आकाश ठेंगणं झालं. ते प्राचार्यांच्या खोलीत गेले आणि त्यांना हाताला धरून घेऊन आले. "साहेब, तुमच्या स्कूटरचा कार्बोरेटर द्या. बघा काय होतं ते."

आमचे प्राचार्य टापटिपीचे, मितभाषी गृहस्थ. त्यांची स्कूटर जुनी, सासऱ्यांनी लग्नात दिलेली. तिच्यावर त्यांचा बायकोपेक्षा जास्त जीव आहे असं त्यांच्या मिसेसच सांगायच्या. कार्बोरेटर खोलून आणला गेला. सरांनी तो तारेला बांधून स्वतःच्या हाताने पिंपात सोडला. लगेच पाणी फसफसायला लागलं.

मला शाळेतलं काहीतरी आठवलं. "सर, हा अॅल्युमिनियमचा..."

"तू बोलू नको, ऐक," सर म्हणाले. "साहेब, ऐका. मळ कसा बोलतोय!"

मळ फार वेळ बोलला. पिंपातून फेस वर आला, खाली सांडला. शेवटी सरांनी तार ओढली. तारेला जे लटकत होतं ते उंदराने कुरतडलेल्या बिस्किटासारखं दिसत होतं. काळं, खड्डे पडलेलं, कडा खाऊन टाकलेलं. कॉस्टिक लोखंडाला काही करत नाही. अॅल्युमिनियम मात्र चक्क खाऊन टाकतं.

सर तारेकडे बघत होते. मग म्हणाले, "साहेब, मळ मात्र पूर्ण गेला."

प्राचार्य वळले आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी मी वर्गात आले तर फळ्यावर सरांच्या टपोऱ्या अक्षरात हिंदीत लिहिलेलं होतं, 'एल्युमिनियम को कॉस्टिक में डालने वाला गधा होता है.' खाली सरांची सही. ते वाक्य त्यांनी सगळ्या मुलांना उतरवून घ्यायला लावलं. एका मुलाने सही उतरवली नाही, तर त्याला परत लिहायला लावलं. "पूर्ण लिही. गाढव कोण, ते कळलं पाहिजे."

पण प्राचार्यांचा राग काही गेला नाही. पिंप हटवा, प्रयोग बंद, पहिल्यासारखं पेट्रोलमध्ये धुवा, असा हुकूम निघाला. सर मला घेऊन त्यांच्याकडे गेले.

"साहेब, मशीन घेऊ या. पार्ट धुण्याचं. साबणाच्या पाण्याचं. मिळतात."

"कशाला?" प्राचार्य म्हणाले. "आपण सगळ्यांनी आयुष्यभर पेट्रोलमध्येच धुतलं. काय झालं आपल्याला?"

सर उठले. बाहेरच्या भिंतीवरच्या हजेरीच्या मशीनकडे गेले, दार उघडं ठेवून अंगठा लावला. "कृपया पुनः प्रयास करें," मशीन म्हणालं. दुसरा अंगठा. "कृपया पुनः प्रयास करें." एकेक करून सगळी बोटं झाली. प्राचार्य फाइलमध्ये डोकं घालून बसले होते, पण पान उलटत नव्हते.

"ते हातमोज्यांचं बघू," शेवटी ते म्हणाले. "आणि आगीचं म्हणाल, तर ट्रे जरा लांब ठेवा."

"लांब म्हणजे किती, साहेब?"

"आता ते मी सांगायचं का?"

दुसऱ्या दिवशी दुपारी सर मला म्हणाले, "वाळूची बादली घे आणि माझ्यामागे ये. मी मान हलवली की ओतायची. नाही हलवली तर नाही ओतायची. आणि हसायचं नाही." त्यांच्या खांद्यावर पत्र्याची एक लांब पन्हळ होती, पावसाचं पाणी वाहून न्यायला घराला लावतात तसली. हातात पणती, फडकं आणि बाटली, काखेत स्टीलची परात.

प्राचार्य काही म्हणायच्या आत त्यांनी पन्हळीचं एक टोक टेबलाच्या कडेला टेकवलं आणि दुसरं खाली, दाराजवळ जमिनीवर सोडलं. खालच्या टोकाशी पणती लावून ठेवली. वरच्या टोकाला, प्राचार्यांच्या समोर, एक फडकं ठेवलं आणि त्यावर बाटलीच्या झाकणातून थोडंसं पेट्रोल शिंपडलं.

"साहेब, फडकं इथं. दिवा तिथं, दाराशी. लांब आहे ना?"

"लांबच आहे," प्राचार्य वैतागून म्हणाले. "काय होणार आहे?"

"काही नाही. आपण गप्पा मारू. घरी सगळे बरे आहेत ना?"

प्राचार्यांनी "हो, बरे..." एवढं म्हटलं असेल नसेल. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते; ती दिसत नाही, पण पाण्यासारखी खाली उतरते. ती पन्हळीतून उतरत दिव्यापर्यंत पोचली आणि दिव्याची ज्योत त्याच वाटेने सुसाट वर आली. भप्प! फडकं प्राचार्यांच्या नाकासमोर पेटलं. मी आयुष्यात कुठल्याही प्राचार्याला दोन्ही पाय खुर्चीवर घेऊन उकिडवं बसलेलं पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. सरांनी शांतपणे फडक्यावर स्टीलची परात उपडी घातली. आग विझली. मान काही त्यांनी हलवली नाही, त्यामुळे मी वाळूची बादली धरून तशीच उभी.

"वेल्डिंग त्या बाजूला, साहेब," सर म्हणाले, "आणि ट्रे या बाजूला. काय होणार आहे?"

संध्याकाळी सरांना कारणे दाखवा नोटीस मिळाली. विषय होता, 'कार्यालय में अग्नि प्रज्वलित करने के संबंध में.' सरांनी ती स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचून दाखवली आणि तिथेच उत्तर लिहिलं: 'आग मैंने नहीं लगाई, पेट्रोल ने लगाई. मैं तो केवल उसे आपसे मिलवाने लाया था.' आम्ही सगळ्यांनी हातापाया पडून विनवलं, की हे असलं काही देऊ नका, निवृत्तीला थोडे दिवस राहिलेत. त्यांनी दिलं.

त्या उत्तराचं पुढे काय झालं कुणालाच कळलं नाही. पण वर्कशॉपमध्ये पेट्रोल आणायला त्याच आठवड्यात बंदी झाली आणि मशीन घ्यायचंही ठरलं. मात्र कुठलं मशीन, ते प्राचार्यांनी माहितीपुस्तिका बघून आधीच पसंत करून ठेवलं होतं. मोठं, कपाटाएवढं. दाराला काच, आत दिवा. पार्ट जाळीच्या टोपलीत ठेवायचे, दार लावायचं, बटन दाबायचं. टोपली गरगर फिरते, चारी बाजूंनी गरम साबणाच्या पाण्याचे फवारे. पाहुण्यांच्या हस्ते बटन दाबून उद्घाटन करता येईल, हे प्राचार्यांच्या मनात पक्कं बसलेलं.

"विकणाऱ्याला बोलवा," सर म्हणाले. "मी त्याला एक पार्ट देतो. तो धुऊन निघाला तर माझी हरकत नाही." आणि मग माझ्याकडे वळून, "तू रविवारी गावी जाते ना? येताना शेतातून घेऊन ये."

"केळी आणू, सर?"

"केळी खातं कोण? चीक आण."

केळीचा चीक ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको. कपड्यावर पडला तर कपडा फाटतो, पण डाग जात नाही. माझ्या वडिलांनी खोडाला चीर पाडून चिकाने बाटली भरून दिली. "तुझ्या सरांना जुलाब झालेत का?" एवढंच त्यांनी विचारलं; गावात चीक त्याच औषधाला लागतो.

सरांनी ऑइल पंपाची एक जुनी बॉडी निवडली, कास्ट आयर्नची. तिच्या पोटात तेल जायला बारीक, वाकड्या वाटा असतात. त्यांनी ग्रीस, जळकं तेल, काळी माती आणि केळीचा चीक एकत्र कालवून त्या वाटांमध्ये ठासून भरलं, वरूनही लेप दिला. मग इतवाऱ्यातल्या आपल्या घराच्या गच्चीवर उन्हात वाळत घातली. तिथे त्यांच्या बायकोने कुरडया वाळत घातल्या होत्या. मी गच्चीवर बघायला गेले, तर काकूंनी खालूनच हाक मारून सांगितलं, "बाई, तुमच्या सरांचं वाळवण बघून घ्या! माझ्या कुरडयांवर माश्या बसेनात, सगळ्या त्याच्यावर."

"बघ," सर काकूंना म्हणाले, "कुरडया वाचल्या ना तुझ्या?"

मशीनवाला इंदूरहून टेम्पोत मशीन घालून आला. गोड बोलणारा, टाय लावलेला तरुण. सरांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली बॉडी त्याच्या हातात दिली. त्याने वास घेतला आणि मान मागे घेतली. "सर, ये क्या है?"

"प्रसाद है. धोइये."

मशीन सुरू झालं. दिवा लागला, टोपली फिरायला लागली, काचेवर फेस. मुलं काचेला नाक लावून उभी. प्राचार्य हात मागे बांधून प्रसन्न. दार उघडलं तेव्हा आतून वाफ आली आणि बॉडी चकाकत बाहेर आली. बाहेरून मळाचा ठिपका नव्हता. प्राचार्यांनी टाळ्या वाजवल्या. मलाही वाटलं, सर हरले.

सरांनी खिशातून काडेपेटी काढली. प्राचार्य पटकन दोन पावलं मागे सरले. पण सरांनी काडी पेटवली नाही. ती तेलाच्या वाटेत घातली, फिरवली आणि बाहेर काढली. काडी काळी, चिकट. दुसऱ्या वाटेत घातली. तीही काळी.

"सर, ये तो अंदर का है," मशीनवाला म्हणाला.

"भैय्या," सर म्हणाले, "इंजन मरता भी अंदर से ही है."

त्या पोराचा चेहरा पडला. सरांनीच मग त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मशीन चांगलं आहे तुझं. मोठ्या गॅरेजला दे, जिथं रोज ढीगभर लोखंड धुवायचं असतं. पण इथं पोरं शिकायला येतात. डब्यात घातलं, बटन दाबलं, बाहेर काढलं. पोरगं काय शिकलं? बटन!" मग प्राचार्यांकडे वळून, "साहेब, धुताना हातात पार्ट असला, की तडा हाताला लागतो. कुठं घासलंय, कुठं झिजलंय, ते ब्रश सांगतो. ते काचेच्या पलीकडून कसं दिसणार?"

त्याच मशीनवाल्याकडे साधं मशीनही होतं. भांडी घासायच्या मोठ्या मोरीसारखं, कमरेच्या उंचीचं. खाली टाकी, तिच्यात कोमट साबणाचं पाणी. पंपाने ते पाणी नळीतून थेट ब्रशाच्या केसांमधून येतं. नळी वाटेच्या तोंडाशी धरली की आतला मळही ढकलत बाहेर काढते. सोबत कोपरापर्यंतचे हातमोजे. अॅल्युमिनियमला चालेल असा साबण. हे शेवटचं सरांनी मशीनवाल्याला तीन-तीनदा विचारलं, आणि दर वेळी प्राचार्यांनी छताकडे बघितलं.

"पण उद्घाटनाला बटन?" प्राचार्य शेवटी हळूच म्हणाले.

"पंपाला बटन आहे ना, साहेब. मी लाल रंगाचं मोठं बसवून देतो."

उद्घाटनाला पाहुणे आले, फीत कापली, लाल बटन दाबलं. ब्रशाची नळी मोरीच्या आत अडकवून ठेवायची असते. ती त्या दिवशी कशी कोण जाणे मोकळी राहिली होती. पाणी सुरू होताच नळी सापासारखी उठली आणि तिने कोमट साबणाच्या पाण्याने प्राचार्यांना डोक्यापासून कमरेपर्यंत भिजवून काढलं. पाहुण्यांवर एक थेंब उडाला नाही. "साहेब, डोळे मिटा, साबण आहे!" म्हणत सर टॉवेल घेऊन धावले. टॉवेल त्यांच्या खांद्यावर आधीपासूनच होता, हे माझ्या नंतर लक्षात आलं. प्राचार्यांनी तोंड पुसलं, केसांतला फेस झटकला, सरांकडे बराच वेळ पाहिलं, आणि मग ते जे हसायला लागले ते पाहुण्यांना चहा देऊन होईपर्यंत थांबलेच नाहीत. त्यांना हसता येतं हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

सर निवृत्त झाले. निरोप समारंभाला ते नको म्हणाले होते. तरी तो झालाच, आणि ते भाषणात एवढंच बोलले, की पोरांनो, दोन्ही हातांत मोजे घाला, एकात नाही. शाखा माझ्याकडे आली.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर आम्ही वर्कशॉप उघडलं तर आत पाऊल ठेववेना. मशीनचं पाणी सडलं होतं. वास असा, की मुलं नाकाला रुमाल लावून बाहेर उभी. काय करावं ते मला सुचेना. मी सरांना फोन लावला.

"सर, मशीन खराब झालं."

"काय झालं?"

"सडक्या अंड्यांचा वास येतोय."

"पाण्यावर तेलाचा थर आहे?"

"जाड आहे."

"मग मले कशाले विचारते? थर असल्यावर पाण्याला हवा लागत नाही, ते सडतं. तुझं मशीन, तुझं नाक. मी रिटायर माणूस. माझी झोपायची वेळ झाली." आणि फोन कट.

सकाळचे दहा वाजत होते. मला भयंकर वाईट वाटलं. डोळ्यांत पाणी आलं, ते थोडं वासाने आणि थोडं सरांनी. मग मी मोजे चढवले. वरचा तेलाचा थर काढून डब्यात भरला. पाणी सोडून दिलं. टाकीत जवळजवळ अर्धी उतरून तिचा तळ घासायला लागले. चिकट, काळी राड तळाला बसली होती. मुलांना हाक मारली, तर त्यांनी बाहेरूनच स्वच्छ पाण्याच्या बादल्या दारात आणून ठेवल्या. घासून घासून खांदे भरून आले. शेवटी टाकीचा पत्रा दिसायला लागला. मी काढून ठेवलेला हीटर परत बसवला, पाणी भरायला बादली उचलली.

"उजवा कोपरा राहिला," खिडकीतून आवाज आला.

मी दचकून मान वर केली. खिडकीच्या गजांबाहेर सर उभे. हातात पिशवी, पिशवीतून मेथीची जुडी डोकावत होती.

"सर! तुम्ही इथं?"

"मी बँकेत चाललो होतो."

"बँक तर इतवाऱ्यात आहे, सर. तुमच्या घराखालीच."

"हो ना," सर म्हणाले. "तिथं गर्दी फार असते."

मी उजवा कोपरा घासला. त्यांनी गजांना कपाळ टेकवून आत पाहिलं आणि मान हलवली. मग मी पाणी भरलं, साबण घातला, बटन दाबलं. पाणी कोमट व्हायला बराच वेळ लागतो. तोपर्यंत ते मेथीची पिशवी या हातातून त्या हातात घेत खिडकीशी उभे होते, आणि बँकेचा विषय आम्ही दोघांनीही काढला नाही.